वासोण्याचा प्रश्न आणि कांदोळीचा पाद्री

काही प्रश्न असे असतात की विचारणारा ते विसरून जातो, आणि ज्याला विचारले त्याच्या मनातून मात्र ते जाता जात नाहीत. असाच एक प्रश्न मला काही वर्षांपूर्वी दादरा-नगर हवेलीत विचारला गेला. सिल्वासाला एका कामासाठी गेलो होतो. काम लवकर उरकले, म्हणून जवळच्या वासोण्याकडे निघालो. लायन सफारीमुळे हे नाव बाहेरगावच्या लोकांना माहीत झाले आहे. मला सिंहांचे फारसे कौतुक नव्हते. सागाची झाडे, वारली पाडे आणि दमणगंगेच्या काठचा तो मुलूख एकदा डोळे भरून पाहावा, एवढीच इच्छा होती.

रिक्षावाला तरुण होता. मराठी, गुजराती आणि त्याची स्वतःची बोली यांची सरमिसळ करून बोलत होता. मी गोव्याचा आहे हे कळल्यावर आधी समुद्राच्या, मग काजूच्या गोष्टी झाल्या. मग तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, तुमच्याकडे मनाचा डॉक्टर असतो ना? तो नक्की करतो काय?" त्याच्या घरात कुणीतरी आजारी होते. कोण, ते त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. भगताकडे तीन वेळा जाऊन झाले होते, कोंबडे देऊन झाले होते. कुणीतरी त्याला सांगितले होते की मोठ्या इस्पितळात यासाठी वेगळा डॉक्टर बसतो. "पण तो सुई लावत नाही, पोट तपासत नाही, नुसता बोलतो म्हणे. बोलून कुणी बरा होतो का?"

मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही, म्हणजे ते चांगले नसणार. पण परतीच्या प्रवासात, वापीला गाडीची वाट पाहत बसलो असताना, त्याचा प्रश्न पुन्हा पुन्हा मनात येऊ लागला. कारण हाच प्रश्न आमच्या घरात पन्नासेक वर्षांपूर्वी विचारायला हवा होता, आणि कुणी विचारला नव्हता.

माझी थोरली आत्या आमच्या जुन्या घरातल्या मागच्या खोलीत राहायची. आम्हा मुलांना तिकडे जायची मनाई नव्हती, पण कुणी पाहुणे आले की त्या खोलीचे दार ओढून घेतले जायचे. कधी ती दिवसचे दिवस बोलत नसे, कधी रात्रभर बोलत बसे. देवळात प्रसाद लावून झाला, घाड्याने गाऱ्हाणे घालून झाले, कुणाची दिष्ट लागली म्हणून मिरच्या ओवाळून झाल्या. पणजीला यासाठी वेगळे इस्पितळ आहे हे आजोबांना पक्के ठाऊक होते. तिथे नेले नाही. "तिथे नेली तर बाकीच्या मुलींची लग्ने कशी होतील?" हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. मी कॉलेजात असताना ती गेली. तिच्या आजाराचे नाव काय होते, हे आमच्या घरात आजही कुणाला माहीत नाही.

म्हणून हा लेख. वासोण्याच्या त्या तरुणाला तेव्हा जे सांगता आले नाही, ते आता सांगण्याचा हा प्रयत्न आहे. आणि त्यासाठी मला सुरुवात करावी लागते ती बार्देसातल्या कांदोळीपासून.

तसे पाहिले तर हवेली आणि कांदोळी हे एकाच कुटुंबातले भाऊ. मराठ्यांनी पोर्तुगिजांचे एक जहाज पकडले, त्याची भरपाई म्हणून पेशव्यांशी झालेल्या करारानुसार नगर हवेलीचा महसूल पोर्तुगिजांना मिळाला. १७८३ साली नगर हवेली त्यांच्या ताब्यात आली आणि १७८५ साली दादरा. पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे गोवा, दमण, दीव आणि हा आदिवासी मुलूख एकाच राज्यकर्त्याच्या दप्तरात नोंदला गेला. सिल्वासाला पोर्तुगीज कागदपत्रांत 'विला द पासु द आर्कुश' असे भारदस्त नाव होते. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये गोमंतकीय आणि महाराष्ट्रातले स्वयंसेवक तिथे उतरले, २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात आपले सुधीर फडकेही होते, हे वाचकांना आठवत असेलच. म्हणजे आपल्या आधी सात वर्षे हा मुलूख सुटला.

नगर हवेली पोर्तुगिजांच्या हाती गेली त्या सुमाराला कांदोळीत जन्मलेला एक सत्तावीस वर्षांचा गोमंतकीय पाद्री पोर्तुगालमध्ये होता. त्याचे नाव जुझे कुस्तोदियु द फारिया. जग त्याला आबे फारिया म्हणून ओळखते. 'मनाचा डॉक्टर नुसता बोलून काय करतो' या प्रश्नाचे पहिले नीट उत्तर ज्यांनी दिले, त्यांत त्याची गणना करावी लागते. तो डॉक्टर नव्हता. पण डॉक्टरांना तो जे शिकवून गेला ते शिकायला त्यांना बराच वेळ लागला.

फारियाचा जन्म १७५६ चा. वडील कायतान व्हितोरिनु कोलवाळचे, आई रोजा मारिया कांदोळीची. आईवडिलांचे पटले नाही. वडील पाद्री झाले, आई जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात जोगीण झाली. १७७१ साली बाप आणि पंधरा वर्षांचा मुलगा लिस्बनला पोचले. तिथून मुलगा रोमला गेला, शिकला, १७८० साली त्याला पाद्रीपद मिळाले. घर मोडलेले, गाव हजारो मैल दूर, कातडीचा रंग वेगळा. मनाच्या दुखण्यांबद्दल पुढे जो बोलणार होता, त्याला ती दुखणी पुस्तकातून शिकावी लागली नसावीत.

त्याची ती सुप्रसिद्ध आख्यायिका आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला फारिया उभा राहिला आणि समोरची बडी मंडळी पाहून त्याची वाचाच बसली. तेव्हा जवळ असलेला बाप कोंकणीतून पुटपुटला, ही सगळी भाजी आहे, काप रे भाजी. पोराची भीती पळाली आणि प्रवचन धडाधड सुरू झाले. गोष्ट जशी सांगतात तशी घडली की नाही, हा वाद बाजूला ठेवू. गोमंतकीयांनी ती दोनशे वर्षे जपली, कारण तिच्यात एक खरी गोष्ट आहे. बापाने कुठलेही औषध दिले नाही, मंत्र घातला नाही. योग्य वेळी, योग्य माणसाने, आपल्या भाषेत चार शब्द उच्चारले, आणि जे बळ मुलाच्या आत होतेच ते मोकळे झाले.

१७८७ साली गोव्यात पिंटोंचे बंड उघडकीला आले. त्याचे धागेदोरे लिस्बनमधल्या गोमंतकीय पाद्र्यांपर्यंत पोचले होते, आणि १७८८ साली फारिया पॅरिसला गेला. पुढच्याच वर्षी फ्रेंच राज्यक्रांती झाली. १७९५ च्या उठावात तो बंडखोरांच्या एका तुकडीच्या पुढे होता. नंतर काही काळ मार्सेय इथे तत्त्वज्ञान शिकवले. आणि १८१३ साली पॅरिसच्या रू द क्लिशी या रस्त्यावरच्या एका जागेत त्याने जाहीर प्रयोग सुरू केले. सावळा, उंच, फ्रेंच बोलताना अडखळणारा हा गोमंतकीय माणसाला खुर्चीत बसवायचा, शांत व्हायला सांगायचा आणि मग ठाम आवाजात म्हणायचा, "झोपा!" समोरचा माणूस झोपायचा.

यात विशेष काय, असे वाटेल. विशेष आहे, आणि ते समजायला त्या आधीची तीसेक वर्षे पाहावी लागतात.

व्हिएन्नाचा डॉक्टर फ्रान्झ आंतोन मेस्मर १७७८ साली पॅरिसला आला होता. त्याचे म्हणणे असे की सगळ्या विश्वात एक अदृश्य द्रव वाहतो, माणसाच्या शरीरात तो अडला की आजार होतो, आणि चुंबकाने, हाताच्या हालचालींनी वैद्य तो पुन्हा वाहता करू शकतो. पॅरिसची श्रीमंत मंडळी त्याच्या दारी रांगा लावू लागली. १७८४ साली राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. समितीने निर्वाळा दिला की असा कुठलाही द्रव नाही, जे काही घडते ते कल्पनेमुळे. मेस्मरची अब्रू गेली, पण त्याच्या शिष्यांचे काम चालूच राहिले.

आता दोन पक्ष झाले. एक म्हणे, वैद्याच्या हातातून शक्ती निघते. दुसरा म्हणे, सगळे थोतांड. फारिया या दोघांच्या मध्ये उभा राहिला आणि म्हणाला, शक्ती निघत नाही हे खरे, पण रुग्णाला जे होते तेही खरे. ती झोप, तो बदल, तो आराम खरा आहे. फक्त त्याचे कारण माझ्यात नाही, समोर बसलेल्या माणसात आहे. त्याने मन एकाग्र केले, त्याने विश्वास ठेवला, त्याच्या मनाची तशी घडण होती, म्हणून ते घडले. ज्याची घडण तशी नाही त्याला मी काही केले तरी झोपवू शकणार नाही. १८१९ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकाचे नावच मुळी 'जागत्या झोपेच्या कारणाविषयी' अशा अर्थाचे आहे.

वाचकहो, क्षणभर थांबून याचा विचार करा. ज्या माणसाभोवती रोज माणसे जमत होती, ज्याच्या एका शब्दावर लोक माना टाकत होते, तो माणूस त्या लोकांना सांगत होता की माझ्या अंगी काही नाही, आहे ते तुमच्यात. बाजारात बसलेला कुठला जादूगार असे सांगेल? धंद्याच्या दृष्टीने याहून मोठी चूक नाही. आणि झालेही तसेच. चर्चला त्यात सैतान दिसला, मेस्मरच्या शिष्यांना द्रोह दिसला, विद्वानांना भोंदूगिरी दिसली. १८१६ साली पॅरिसच्या रंगभूमीवर त्याची टर उडवणारे प्रहसन आले, आणि लोक प्रयोग पाहण्याऐवजी नाटक पाहून हसू लागले. २० सप्टेंबर १८१९ रोजी पॅरिसमध्ये तो गेला. कबरीवर नाव नाही.

मेल्यानंतरही त्याचे दैव फिरले नाही. अलेक्सांद्र द्युमाने १८४४ ते १८४६ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'काउंट ऑफ मॉंटे क्रिस्टो'मध्ये त्याचे नाव उचलले, पण त्याचा इटालियन करून टाकला आणि तुरुंगात बसवला. जगभरच्या कोट्यवधी वाचकांना फारिया माहीत आहे, कांदोळीचा मात्र नाही.

त्याच्या विचाराला खरा न्याय मिळाला तो फ्रान्समधल्याच नान्सी गावात. तिथल्या लिएबो आणि बर्नहाइम या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूचनेने उपचार करायची पद्धत उभी केली. बर्नहाइमने फारियाचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले. १८८९ साली व्हिएन्नाचा एक तरुण डॉक्टर बर्नहाइमचे काम पाहायला नान्सीला आला. त्याचे नाव सिग्मंड फ्रॉइड. पुढे त्याने संमोहन सोडले आणि रुग्णाला बोलू देण्याची पद्धत धरली. म्हणजे वासोण्याच्या तरुणाने ज्याबद्दल विचारले, त्या 'नुसता बोलणाऱ्या डॉक्टरा'च्या वंशवेलीत एक मूळ आपल्या बार्देसात सापडते. यात अभिमानाचा भाग आहेच, पण नुसत्या अभिमानावर थांबू नये.

कारण त्याच वंशवेलीत एक काटेरी फांदीही आहे. फारियाची ओळख पुन्हा करून देणाऱ्यांत दोन नावे ठळक. एक आपले डॉक्टर दाल्गाद, ज्यांनी १९०६ साली पॅरिसमध्ये फारियाचे फ्रेंच चरित्र छापले. दुसरे पोर्तुगालचे एगाश मोनिश. मेंदूविकारांचे हे नामवंत डॉक्टर. त्यांनी १९२५ साली संमोहनाच्या इतिहासातल्या फारियावर पुस्तक लिहिले आणि त्याची थोरवी मान्य केली. याच मोनिश यांनी १९३५ साली मनोरुग्णांच्या मेंदूतले धागे कापण्याची शस्त्रक्रिया सुरू केली आणि त्यासाठी १९४९ साली त्यांना नोबेल मिळाले. ती शस्त्रक्रिया पुढे लोबोटॉमी म्हणून जगभर पसरली. हजारो रुग्ण शांत झाले खरे, पण त्यांतल्या अनेकांचे माणूसपणच त्या शांततेत हरवले. १९५२ पासून क्लोरप्रोमाझिनसारखी औषधे आली आणि ही शस्त्रक्रिया मागे पडली. रुग्णाच्या आत बळ आहे असे सांगणाऱ्या पाद्र्याचा चरित्रकार रुग्णाचा मेंदू कापण्यासाठी प्रसिद्ध व्हावा, याला काय म्हणावे? मला तर यात वैद्यकाच्या या शाखेचा सगळा इतिहास दिसतो. ऐकून घेणे आणि ताब्यात घेणे, या दोन टोकांमध्ये ती सतत हेलकावे खात आली आहे.

आपल्याकडेही तेच झाले. पणजीला जुन्या सचिवालयाच्या शेजारी फारियाचा पुतळा आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली उभा राहिला. शिल्प म्हणून अप्रतिम. झग्यातला पाद्री हात पसरून उभा आणि त्याच्यापुढे एक स्त्री मागे कलंडत चाललेली. लहानपणी त्या पुतळ्याची आम्हाला भीती वाटायची. तो रात्री माणसांना झोपवतो असे मोठी मुले सांगायची. मोठा झाल्यावर त्याचे विचार वाचले तेव्हा लक्षात आले की पुतळा आणि पुस्तक यांचे म्हणणे उलट आहे. पुतळ्यात सगळी शक्ती पाद्र्याच्या पंजात दिसते. पुस्तकात ती त्या पडणाऱ्या बाईच्या मनात आहे. आपण गोमंतकीयांनी पुतळा पाहिला, पुस्तक उघडले नाही.

१९५७ साली, म्हणजे मुक्तीच्या चार वर्षे आधी, पणजीच्या आल्तिनोवर मनोरुग्णांसाठी इस्पितळ सुरू झाले. त्याला नाव दिले आबाद फारिया. आमच्या लहानपणी मात्र आल्तिनोचे नाव घरात धमकीसारखे घेतले जाई. अभ्यास केला नाहीस तर आल्तिनोवर पाठवीन, असे. ज्या माणसाने आपले आयुष्य रुग्णाची बाजू मांडण्यात घालवले, त्याच्या नावाच्या घराला आपण वेड्यांचे घर म्हटले. दोष इस्पितळाचा नव्हता, आमच्या जिभेचा होता. माझ्या आजोबांनी आत्याला तिथे नेले नाही ते इस्पितळाबद्दल काही माहीत होते म्हणून नव्हे. गल्लीत काय बोलतील हे माहीत होते म्हणून.

१९८० साली हे इस्पितळ आणि गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग एकत्र आले आणि मनोविकार व मानवी वर्तन संस्था उभी राहिली. आज ती बांबोळीला आहे. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे मूळ १८४२ च्या वैद्यकीय शाळेपर्यंत जाते, पण मनाच्या डॉक्टरांची नवी पिढी घडवण्याचे काम तुलनेने कालपरवाचे.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळतो. मनोविकारतज्ज्ञ आधी डॉक्टर असतो. साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, त्यात पोट तपासणे, सुई लावणे, बाळंतपण, सगळे आले. त्यानंतर मनोविकारशास्त्रात तीन वर्षांचे एमडी. म्हणून तो औषध लिहून देऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ वेगळा. तो मनाच्या चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो, पण औषध देत नाही. चांगला मनोविकारतज्ज्ञ पहिल्या भेटीत आजाराआधी माणूस विचारतो. झोप कशी, भूक कशी, घरात कोण कोण, काम सुटले का, दारू किती, जिवाचे काही बरेवाईट करावेसे वाटते का. अनेकदा रक्तही तपासायला सांगतो, कारण थायरॉइड बिघडले तरी माणूस उदास होतो. म्हणजे तो 'नुसता बोलत' नाही. त्याचे बोलणे हीच त्याची तपासणी असते.

आणि काही आजारांना औषध लागतेच. इथे फारियाचा आधार घेऊन कुणी गैरसमज करून घेऊ नये. बळ रुग्णाच्या आत असते, याचा अर्थ 'मनाला लावून घेऊ नकोस, आपोआप बरे होईल' असा नाही. स्किझोफ्रेनिया, टोकाची उदासी, कधी उसळणारे आणि कधी खचणारे मन, यांत मेंदूचे कामच बिघडलेले असते. त्याला औषध हवे, वेळेवर हवे, आणि दीर्घकाळ हवे. माझ्या आत्याच्या दोन्ही अवस्था, ते मौन आणि ते अखंड बोलणे, आज एखाद्या डॉक्टरने पाहिल्या असत्या तर कदाचित त्याला नाव सापडले असते आणि गोळीही. तेव्हाही, निदान तिच्या शेवटच्या वर्षांत, अशा गोळ्या मिळत होत्या. मिळाला नाही तो डॉक्टरपर्यंत जायचा रस्ता.

मग भगताचे काय? घाड्याचे काय? त्यांची टिंगल करणे सोपे आहे, आणि आपण सुशिक्षित ती मनापासून करतो. पण हवेलीतल्या पाड्यावरचा माणूस भगताकडे जातो, कारण भगत जवळ राहतो, त्याची बोली बोलतो, सगळ्या घराला एकत्र बसवतो आणि रुग्णाला 'तुझी चूक नाही, बाहेरचे काहीतरी लागले आहे' असे सांगून त्याच्या माथ्यावरचा दोष उतरवतो. हे चारही गुण उपचाराचेच आहेत. भगत चुकतो ते पुढे. बळ आपल्याच हातात आहे असे तो मानतो, आणि औषध लागणाऱ्या रुग्णाला अडवून ठेवतो. कधी मारहाण होते, कधी साखळदंड. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रमाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळता आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी घातली, ती या पार्श्वभूमीवर समजून घ्यायला हवी.

डॉक्टर थोडे आणि रुग्ण फार, हे आपल्या देशाचे जुने गणित. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसून आले की निरनिराळ्या मनोविकारांत शंभरांतल्या सत्तरांहून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. यावर एक उत्तर आपल्याच गोव्यातून आले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली गोव्यात 'संगात' ही संस्था सुरू केली. त्यांच्या एका प्रकल्पाचे नाव 'मानस', म्हणजे 'मनशांती सुधार शोध'. गोव्यातल्या २४ दवाखान्यांत, १२ सरकारी आणि १२ खाजगी, त्यांनी एक प्रयोग केला. ज्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतलेले नाही अशा स्थानिक पदवीधर मुलींना सुमारे दोन महिने शिकवले आणि त्यांना उदास, चिंताग्रस्त रुग्णांशी बोलायला बसवले. गरज पडली तर डॉक्टर, त्याहून गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञ. २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. सरकारी दवाखान्यांत, ज्यांना अशी मदत मिळाली त्या शंभरांतले सुमारे ६६ रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ४३ होते. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. एक शक्यता अशी की तिथला घरचा डॉक्टर रुग्णाला नावाने ओळखतो, त्याची चौकशी करतो, म्हणजे ते काम तिथे आधीपासूनच होत असते.

फारियाने जे रू द क्लिशीवर सांगितले तेच या मुलींनी गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत करून दाखवले. जादू कुणाच्या पंजात नव्हती. ऐकणारे एक माणूस, आपली भाषा, थोडे शिक्षण आणि अडचण पडली तर पाठीशी डॉक्टर. डॉ. पटेल यांचे २००३ सालचे एक पुस्तक आहे, त्याच्या नावाचा अर्थ 'जिथे मनोविकारतज्ज्ञ नाही'. वासोण्याच्या रस्त्यावर मला त्याची आठवण यायला हवी होती.

त्या दिवशी मी त्या तरुणाला हे सांगायला हवे होते. सिल्वासाचे विनोबा भावे इस्पितळ तुझ्यापासून लांब नाही, २०१९ पासून तिथे वैद्यकीय महाविद्यालयही आहे. आधी तिथे जा. जाताना भगताशी भांडू नकोस, पण त्याच्यासाठी थांबूही नकोस. डॉक्टर बोलेल, त्याला घाबरू नकोस. तो प्रश्न विचारील, त्याला खरे सांग. गोळ्या दिल्या तर मध्येच सोडू नकोस. प्रवास जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा फुकटचा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, अनेक भारतीय भाषांतून बोलता येते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, घरातल्या त्या माणसाला मागच्या खोलीत ठेवू नकोस. पाहुणे आले तरी दार ओढू नकोस.

बोलून कुणी बरा होतो का, असे त्याने विचारले होते. कांदोळीच्या त्या पाद्र्याने उत्तर देऊन ठेवले आहे. बोलणाऱ्याच्या बोलण्याने नव्हे, ऐकणाऱ्याच्या आतल्या बळाने माणूस बरा होतो. पण ते बळ जागे करायला कुणीतरी समोर बसून बोलावे लागते.

आमच्या जुन्या घरातली ती मागची खोली आता सामानाची झाली आहे. गेल्या गणेशचतुर्थीला माटोळीचे सामान काढायला तिचे दार उघडले तेव्हा पुतण्याने विचारले, "इथे कोण राहायचे?" मी आत्याचे नाव सांगितले. ती आजारी होती, आणि आम्ही तिला डॉक्टरकडे नेले नाही, हेही सांगितले. आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारले गेले.